आजोबांच्या घरी बाग आहे

दि. ३ एप्रिल

ती. अक्का हिस,
बाळचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडणं जमत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं. नेहमीसारखं मी खुर्चीत बसून सांगतोय आणि हिचा हात चालतोय. नोकरी सुटली पण साहेबी सुटली नाही, असं ही म्हणते, आणि म्हणता म्हणता तेही लिहून टाकते.

मेच्या पहिल्या आठवड्यात सगळी येताहेत. चार दिवस मुक्काम आणि एकूण नऊ पोरं. गेल्या वर्षी पहिल्याच सकाळी त्यांनी गाद्यांची घसरगुंडी केली, न्हाणीघराचा नळ उपटला आणि शेजाऱ्यांचं कुत्रं माझ्या कपाटात कोंडलं, हे तुला कळवलं होतंच. मोठ्या माणसांना एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. मग तू पाठवलेले छापील खेळाचे कागद काढले आणि काय सांगू, खडू पडला तरी ऐकू यावा अशी शांतता. भूलभुलैया, ठिपके जोडा, फरक ओळखा. तुझ्या झेरॉक्सच्या दुकानाला माझा सलाम.

तर यंदा चारही दिवसांचं पाकीट हवं. मात्र जरा डोक्याला खुराक दे. मी बेत आखलाय. रोज सकाळी दहा ते साडेअकरा, लांब टेबलावर सगळ्यांनी ओळीत बसायचं, मी घड्याळ घेऊन बसणार, पहिल्या येणाऱ्याला कंपासपेटी. आणि एक पान वाचनाचं कर, आपल्या घराबद्दलचं, मोठ्या अक्षरांत. एकेकानं उभं राहून वाचायचं.

पोरांना वाचनाचं वळणच राहिलेलं नाही. आमच्या छोटीच्या लेकीचं, मुंगीचंच बघ. भिंतीच्या कडेनं गुपचूप जाणार, हातात सतत काहीतरी, म्हणून मीच ते नाव ठेवलं. गुणी पोर. पण आठ वर्षांची झाली तरी पुस्तक दिसलं की तिला तहान लागते, नाहीतर पोटात दुखतं. छोटी फार लाड करते. लाड कमी आणि सराव जास्त झाला, की येईल रुळावर.

तू येशील ना? गुडघ्याची सबब चालणार नाही. आमच्यावर जीव आहे तसा असू दे.

तुझा,
बाळ


दि. १२ एप्रिल

चि. बाळ व सौ. वहिनी यांस,
अनेक आशीर्वाद.

पासष्टीला आलास तरी बाळच सही करतोस, म्हणून मीही तुला लहान समजूनच चार गोष्टी सांगते.

सोबत पाकीट आहे. चार दिवसांचे चार गठ्ठे, प्रत्येकावर वार लिहिलाय. पहिल्यात ठिपके जोडा आणि रंगवा, दुसऱ्यात शब्दशोध आणि तुझं ते वाचनाचं पान, तिसऱ्यात भूलभुलैया, चौथ्यात कापून चिकटवायचं छोटं गाव. कात्र्या बोथट घे. जाड कागदावर छापलंय, म्हणजे रंग पलीकडे फुटणार नाही. आमच्या मशीनचा ड्रम म्हातारा झालाय, त्यामुळे काही पानांवर उभी काळी रेघ आलीय. पोरांना सांग, ती विजेची तार आहे, तिला हात लावायचा नाही.

वाचनाच्या पानावर सोपी दहा वाक्यं घातलीत. पहिलंच आहे, आजोबांच्या घरी बाग आहे. दुसरं, आजी गाणं म्हणते. बाकीची वहिनी तुला वाचून दाखवेल.

आता नीट ऐक. पाकिटात एक हिरवा लिफाफा वेगळा आहे, तो मुंगीसाठी. त्यात अक्षर एकही नाही. अवघड भूलभुलैया आहेत, घडीचे नमुने आहेत, मला स्वतःला सुटले नाहीत असे दोन आहेत. तिला ते दे आणि वाचनात ओढू नकोस. कारण विचारू नकोस, मी एकाला शब्द दिलाय.

आणि ते घड्याळ कपाटात ठेव. हे कागद असतात कशासाठी? पोरांचे हात गुंतावेत आणि मोठ्यांना दोन घटका बोलता यावं म्हणून. परीक्षा घ्यायला शाळा आहेत की.

मला यायला जमणार नाही. प्रवेशाचे फॉर्म सुरू झालेत, दुकानासमोर सकाळपासून रांग असते, प्रत्येकाला कालच्या तारखेला प्रत हवी असते. गुडघा आहेच. पुढच्या वर्षी नक्की.

पोरांचे पापे घे. मला विसरू नका म्हणजे झालं.

तुझी,
अक्का


दि. ९ मे

ती. अक्का हिस,
बाळचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मेळा पार पडला. तुझ्या कागदांनी अब्रू राखली. चौथ्या दिवशी पोरांनी ते छोटं गाव जेवणाच्या टेबलावर वसवलं आणि आम्हां मोठ्यांना जमिनीवर जेवायला लावलं. थोरल्या मुलाच्या जोडगोळीनं गावात तुरुंग बांधला आणि त्यात मला ठेवलं. तेव्हा बाकी सगळं छान.

दुसऱ्या दिवसाचं मात्र सांगायला हवं, कारण छोटीनं तुला तिच्या बाजूनं सांगितलं असेलच.

तो हिरवा लिफाफा मी उघडला. आत नुसत्या रेघा आणि चित्रं. मला वाटलं, ही तर बालवाडी झाली. शिवाय एकीला वेगळं दिलं, की बाकीची म्हणणार आजोबा पक्षपात करतात. म्हणून ते कागद मी चार वर्षांच्या धाकटीला देऊन टाकले आणि सगळ्यांना वाचनाचं एकच पान दिलं. आदल्या दिवशी हिच्याकडून ते मी दोनदा ऐकून घेतलं होतं.

मुंगीचा नंबर पाचवा. तिनं पाणी मागितलं. मी म्हटलं, आधी वाच, मग पी. ती उभी राहिली, अक्षराखाली बोट ठेवलं आणि वाचलं, आजोबांच्या धरी वाघ आहे. पोरं हसली. पोरंच ती. जोडगोळी तर चार पायांवर होऊन टेबलाखाली डरकाळ्या फोडायला लागली. मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाघच. तिसऱ्यांदा तिनं तोंडच उघडलं नाही. तेव्हा मी एवढंच म्हटलं, की आठ वर्षांच्या घोडीला बाग वाचता येत नसेल, तर तिनं धाकटीच्या शेजारी बसून चित्रं रंगवावीत. एवढंच. यापलीकडे एक शब्द नाही.

तिनं कागद टेबलाच्या कडेला अगदी सरळ लावून ठेवला आणि ती आत गेली. अर्ध्या तासानं लक्षात आलं, की पोर कुठंच नाही. घर, अंगण, गल्ली, सगळं पालथं घातलं. गाद्यांच्या कपाटात, रजयांच्या मागे सापडली. फ्रॉक ओला होता. मोठ्या पोरीचा फ्रॉक असा ओला झालेला जोडगोळीनं पाहिला, तेही व्हायचंच होतं.

छोटीनं लगेच आवरायला घेतलं. बॅग भरली आणि दुपारच्या गाडीनं दोघी गेल्या. ताटं वाढलेली तशीच. जावईबापू बिचारे मागे राहून माफी मागत होते, माझी! त्यांनी कशाला मागायची, मला कळेना.

अक्का, मी काय मारलं का तिला? एवढं हळवं होऊन कसं चालेल? छोटी तुझं ऐकते. तिला जरा समजावून सांग.

राग नसावा, माया असावी.

तुझा,
बाळ

ता. क. अक्का, वरचं यांनी सांगितलं तसं लिहिलं. हे माझं. मुंगीचा फ्रॉक मी धुऊन वाळत घातला होता, तो इथेच राहिला. हे रोज सकाळी तो दोरीवरून काढतात, घडी करतात, आणि मला द्यायचं सोडून पुन्हा दोरीवर टाकतात. तुम्हीच काय ते बघा. — वहिनी


दि. १७ मे

चि. बाळ यास,
आशीर्वाद.

वहिनी, हे पत्र त्याला सलग वाचून दाखव. मध्येच तो झाडांना पाणी घालायला उठेल. उठू देऊ नकोस.

बाळ, फेब्रुवारीत छोटी माझ्या दुकानात आली होती. मुंगीची फाइल झेरॉक्स करायला. कागद मशीनमधून गरम गरम बाहेर येत होते आणि मी ते जुळवत होते, म्हणून वरचं शीर्षक वाचलं गेलं. डिस्लेक्सिया. अक्षरं तिच्यापुढे जागेवर उभी राहत नाहीत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, एकमेकांचे कपडे घालून येतात. बुद्धी लख्ख आहे, तपासणाऱ्या बाईंनी तसं ठळक लिहिलंय. मी छोटीला विचारलं, की बाबांना सांगितलंस का. ती म्हणाली, की बाबांना नको, बाबा म्हणतील हे आळशीपणाचं इंग्रजी नाव आहे. तिनं माझ्याकडून वचन घेतलं. आता ते मोडते आहे. मोडायचंच होतं, तर महिनाभर आधी मोडायला हवं होतं.

माझी चूक मी आधी कबूल करते. कारण विचारू नकोस असं लिहून मी मोकळी झाले. तुझा स्वभाव मला माहीत नव्हता का? आणि ते पान बनवलं कुणी? मीच. बाग हा शब्द मला सोपा वाटला. रोज शेकड्यांनी पानं छापते, पण ते पान त्या पोरीच्या डोळ्यांनी एकदाही बघितलं नाही.

आता तुझं. तू सात वर्षांचा, मी अकराची. मी भांडी घासताना तुझा धडा मोठ्यानं म्हणायची, तीनदा. दुसऱ्या दिवशी तू वर्गात पुस्तक हातात धरून तो घडाघडा म्हणायचास. मास्तर खूश. मग एकदा मास्तरांनी दुसऱ्याच पुस्तकातलं पान पुढे केलं. वडलांनी तुला ते पुस्तक उघडं धरून दारात उभं केलं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणून. संध्याकाळपर्यंत तू सापडला नाहीस. लाकडांच्या खोलीत होतास. मी शोधून काढलं आणि मीच तुझी चड्डी धुतली, घरात कुणाला कळू न देता. कपाटात शिरलेली मुंगी तुला दिसली, तेव्हा तुला लाकडांची खोली आठवली नाही?

रेघ तुला कधी फसवत नव्हती, म्हणून तू ड्राफ्ट्समन झालास. उत्तम झालास. नकाशावरची अक्षरं स्टेन्सिलनं काढलीस, टिपा शेजारच्या टेबलावरच्या मित्राकडून लिहून घेतल्यास. बढती नाकारलीस आणि घरी सांगितलंस, की साहेबांची हांजी हांजी करणं आपल्याला जमत नाही. बढतीत रिपोर्ट लिहावे लागणार होते, बाळ. पोरं समजतात, बाबा पत्रं सांगून लिहवतात हा साहेबी थाट. मी आणि वहिनी सगळं जाणून गप्प राहिलो. आम्हाला वाटलं, आम्ही तुझी लाज झाकतोय. झाकलेल्या लाजेला काय पाय फुटतात, ते आता दिसलं.

छोटीला समजावायचं माझं काम नाही. तू जा. तिला सांग, मुंगीला सांग. तुझ्या तोंडानं.

जीव तुझ्यावर तेवढाच आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

अक्का


दि. २९ मे

ती. अक्का हिस,
बाळचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र तीन दिवस चाललंय. दोन ओळी झाल्या, की मी थांबतो आणि ही पेन खाली ठेवते.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. लाकडांची खोली मला त्याच क्षणी आठवली होती, हेही खरं. मुंगीनं अक्षराखाली बोट ठेवलं ना, तेव्हाच मी ओळखलं. मला वाटलं, आत्ता रेटलं तर तिचं ते अडणं तिथल्या तिथे मोडेल. नाही रेटलं, तर हिलाही जन्मभर दुसऱ्याच्या हातानं पत्रं लिहावी लागतील. वडलांनाही असंच वाटलं असेल का गं? की मी त्यांना उगाच चांगलं ठरवतोय?

ऊन जरा उतरलं, की छोटीकडे जातो.

सांभाळून घे.

बाळ


दि. २१ ऑगस्ट

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

ऊन उतरलं. मग तुझी कुंपणाची भिंत निघाली. मग गवंडी आजारी पडला. जुलैच्या पत्रात तू गुडघ्याचं लिहिलंस, तो गुडघा माझा आहे, तुझे दोन्ही शाबूत आहेत.

जावईबापूंना परदेशी नोकरी लागलीय, हे छोटीनं तुला फोनवर सांगितलं म्हणे, आणि तू छान छान म्हणालास. ऑक्टोबरमध्ये तिघंही जाणार. माणसं विमानात बसल्यावर तू कुणाला सांगणार आहेस? विमानाला?

मी येऊन तुला हाताला धरून नेलं असतं. पण काही पायऱ्या ज्यानं त्यानंच चढायच्या असतात.

या पत्राचं उत्तर पाठवू नकोस. गाडीत बस.

अक्का


दि. ३० सप्टेंबर

ती. आत्या हिस,
सा. न. वि. वि.

बाबा येऊन गेले. न कळवता, पिशवीत दोन शर्ट घेऊन आले. तू पाठवलंस, हे मी ओळखलं.

घरात सगळीकडे खोकी होती. मी मुंगीला आणायला निघाले होते, तर तेही सोबत आले. ती आता खास शिकवणाऱ्या बाईंकडे जाते. बाहेरच्या बाकावर इतर आयांच्या ओळीत बाबा बसले, मांडीवर पिशवी घेऊन. खिडकीतून आत दिसतं. मुंगीपुढे वाळूचा ट्रे होता आणि ती बोटानं त्यात अक्षर काढत होती. घ काढत होती. छान जमला होता, डोक्यावरच्या अख्ख्या रेघेसकट. तेवढ्यात तिनं वर बघितलं आणि तिला बाबा दिसले. आत्या, तिनं अख्खा तळवा फिरवून वाळू सपाट केली. बाबांनी ते पाहिलं. नंतर ते खिडकीकडे वळले नाहीत.

घरी आल्यावर ती तिच्या खोलीत गेली आणि मी बशा कागदात गुंडाळायला बसले. बाबा समोर स्टुलावर बसले आणि बोलायला लागले. सगळं सांगितलं, मास्तर, माझ्या आजोबांनी दारात उभं केलं ते, बढती, आईच्या अक्षरातली पत्रं. मी एकामागून एक बशा गुंडाळत होते, कारण हात थांबवले असते तर काय केलं असतं मला ठाऊक नाही.

तुला आठवतं का, मी तिसरीत असताना? रोज संध्याकाळी अर्धा तास वाचन आणि चुकलेल्या प्रत्येक शब्दाला लाकडी फूटपट्टी. त्यांचीच, ऑफिसातली. मला कापडाचे नमुने कापायचं काम का आवडतं, ते आत्ता त्या फाइलवरून मला कळलं. तपासणाऱ्या बाईंनी मलाही दोन-चार प्रश्न विचारले होते आणि त्या हसून म्हणाल्या होत्या, की हे घराण्यात असतं. मी घराणं शोधत होते आणि घराणं रोज संध्याकाळी माझ्यासमोर पट्टी घेऊन बसायचं. आई स्वयंपाकघरातून ऐकायची.

मी बाबांना विचारलं, की माझं तुम्हाला कधी कळलं होतं. ते म्हणाले, पहिल्याच दिवशी. तेच गिळता येत नाही मला. त्यांना माहीत नसतं, तर मी कधीच माफ केलं असतं. मलाही येत नाही, एवढे तीन शब्द त्यांनी तेव्हा म्हटले असते, तर मी जन्मभर स्वतःला मठ्ठ समजले नसते.

त्यांना मुंगीशी बोलायचं होतं. मी नको म्हटलं. ती पुन्हा गादी ओली करायला लागली होती, आत्ता कुठे थांबलंय. ते बरं म्हणाले, वाद घातला नाही. मला तर त्यांनी वाद घातला असता तर सोपं गेलं असतं. दुपारच्या गाडीला वेळ होता, म्हणून त्यांनी मार्कर मागितला आणि खोक्यांवर आत काय आहे त्याची चित्रं काढली. कप, बूट, टेबलदिवा, इस्त्री. एकेक चित्र असं, की उचलून वापरावं. मग गेले. ते गेल्यावर मुंगी बाहेर आली आणि प्रत्येक खोक्यापुढे उभी राहून आली.

तुझ्यावरही थोडा राग होता. होता म्हणते. आम्ही सोळाला निघतो.

तब्येत सांभाळ आणि मनात आम्हाला जागा ठेव.

तुझी,
छोटी


दि. ६ ऑक्टोबर

चि. छोटी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग मला मान्य आहे. थोडा नव्हे, चांगला भरपूर असायला हवा होता. फूटपट्टीचं मला माहीत होतं. तेव्हा मी सुट्टीला आले, की तुझी बोटं बघायची आणि बाळला एकदा रागे भरून गप्प बसायची. मला वाटायचं, त्याचं गुपित फोडलं तर तो कोलमडेल. एका मोठ्या माणसाला उभं ठेवण्यासाठी आम्ही दोन बायकांनी एक लहान मूल खाली बसवलं, असा त्याचा हिशेब होतो. हे मी या वयात लिहिते आहे, याचा उपयोग किती, देव जाणे.

नव्या घरी मुंगीला करमणार नाही सुरुवातीला. मी बिनअक्षरांचे खेळ तयार करते आहे. पत्ता कळला, की पाठवीन. कळवायचा की नाही, ते तुझ्यावर. मी विचारणार नाही.

सुखरूप जा. म्हातारीला जमलं तर माफ कर.

तुझी,
आत्या


दि. ११ मे

ती. अक्का हिस,
बाळचा शि. सा. नमस्कार वि. वि.

यंदाही तू आली नाहीस. पण ड्रम बदललास हे कळलं, विजेची तार एकाही पानावर नव्हती. जोडगोळी हिरमुसली.

पोरं आठच होती. लांब टेबलावर नववी खुर्ची हिनं काढून घेतली होती, ती मी परत ठेवली, मग मलाच बघवेना म्हणून पुन्हा आत नेली. घड्याळ लावलं नाही. ज्याला जे पान हवं ते त्यानं घ्यावं, पुरं करावं की टाकून द्यावं ही त्याची मर्जी, असं सांगितलं. बारा वाजेपर्यंत कुणी उठलं नाही. मोठी माणसं ओसरीवर चहा पीत बोलत होती. तुझं खरं होतं, हे कागद त्यासाठीच असतात.

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना बोलावलं, थोरल्याला, सूनबाईला, पोरांना, आणि सांगितलं, की मला नीट वाचता येत नाही, कधीच येत नव्हतं. थोरला जमिनीकडे बघत राहिला. जोडगोळीतल्या एकानं विचारलं, की मग औषधाची बाटली कशी ओळखता. मी म्हटलं, झाकणाच्या रंगावरून. त्यावर त्यांची आपापसांत बरीच चर्चा झाली आणि रंग बदलले तर मी मरेन, असं ठरलं. मग ती खेळायला गेली. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होतो, ते एवढंच होतं.

आता मुख्य सांगतो. परवा छोटीचा फोन आला. ती आईशी बोलते, मला फक्त तब्येत विचारते. पण परवा म्हणाली, मुंगीला तुमच्याशी बोलायचं आहे, तिनं स्वतःहून म्हटलंय. मी उभा राहिलो, अक्का. बसून बोलवेना.

मुंगी म्हणाली, की आईनं तिला सगळं सांगितलंय. तिनं विचारलं, तुम्हालाही अक्षरं हलताना दिसतात का. मी म्हटलं, हो, अजूनही. तिनं विचारलं, शाळेत तुम्हाला पोरं हसायची का. मी म्हटलं, हसायची, सगळा वर्ग हसायचा. तेव्हा वाईट वाटायचं का? मी म्हटलं, फार.

मग तिनं विचारलं, मग तुम्ही का हसलात.

अक्का, तुला गेल्या वर्षी पत्रात लिहिलं, की पोरं हसली. पोरं नंतर हसली. वाघ म्हटल्यावर पहिला मी हसलो. मोठ्यानं, मांडीवर हात मारून. मी हसलो, म्हणून पोरांना हसायची परवानगी मिळाली. हे मी तुला सांगितलं नव्हतं, छोटीच्या घरी एवढं बोललो तिथेही सांगितलं नाही. आत्ता हे सांगितलं, तेव्हा ही लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, मला ठाऊक आहे, मी तिथेच उभी होते.

मुंगीला मी काय सांगणार? भीती वाटली म्हणून हसलो, हे आठ-नऊ वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं, आणि सांगून तिचं काय भलं व्हायचं? मी म्हटलं, चुकलं माझं. फार मोठं चुकलं.

ती म्हणाली, बरं. आणि फोन आईकडे दिला.

त्या बरंचा मी परवापासून अर्थ लावतोय. मला तर वाचता येत नाही, आणि हे कागदावरही नाही. तुला काही लागला, तर कळव.

तोवर या वेड्या भावाला टाकू नकोस.

तुझा,
बाळ